मनोरीच्या खडकाचं वय

भाईंदरहून राई, मुर्धे, मोर्वे ही गावं मागे टाकत पश्चिमेला निघालं की डोंगरी आणि उत्तनच्या टेकड्या येतात. या टेकड्यांत रायोलाइट हा खडक सापडतो. त्याच भूशिराच्या दक्षिण टोकाला मनोरीत ट्रॅकाइट आहे. महाराष्ट्राचा दगड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा बेसाल्ट येतो. हे दोन्ही खडक त्याहून फिकट आहेत आणि त्यांच्यात सिलिकाचं प्रमाण पुष्कळ जास्त आहे. शिवाय सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पसरलेले दिसतात, तर मुंबई-साष्टीत तेच थर समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. एकाच दख्खनच्या ज्वालामुखीतून हे सगळं आलं असेल, तर किनाऱ्यालाच हे वेगळेपण कुठून आलं?

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो बेडकांकडून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वरळीच्या टेकडीत, बेसाल्टच्या खाली, काळ्या चिखलाचा घट्ट झालेला थर सापडला. त्या थरात बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे होते. काही नमुने लंडनला गेले आणि ‘डायनासोर’ हे नाव घडवणारे रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1852 मध्ये मुंबईतले लष्करी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूगर्भावर सविस्तर निबंध लिहिला आणि याच थरांतल्या गोड्या पाण्यातल्या कासवाची नोंद केली. पुढे 1930 मध्ये त्या बेडकाला ‘इंडोबॅट्राकस’ हे नाव मिळालं.

बेडूक काही तप्त लाव्हात जगत नाही. म्हणजे एक प्रवाह थंड झाल्यावर इथे पाणी साठलं, वनस्पती वाढल्या, बेडूक आणि कासवं नांदली आणि नंतर पुन्हा लाव्हा येऊन त्या तळ्यावर पसरला. ज्वालामुखी अखंड धगधगत नव्हता, त्याने विसावे घेतले होते, हे त्या इवल्या सांगाड्यांनी सिद्ध केलं. जीवाश्म क्रम सांगतात: आधी काय, नंतर काय. पण हे नेमकं किती वर्षांपूर्वी घडलं, ते सांगायला बेडूक पुरेसे नव्हते.

विसाव्या शतकात सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या सुखेशवाला आणि सेठना यांच्यासारख्या प्राध्यापकांनी मुंबई-साष्टीच्या खडकांचा चिकाटीने अभ्यास केला. कुठे कोणता खडक आहे, त्याचं रसायन काय, हे कागदावर आलं. वयाचा प्रश्न मात्र शिल्लक होता.

तो सोडवायला भूशास्त्रज्ञ हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी खडकातलंच घड्याळ वापरलं. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय संथपणे आर्गॉन वायूत बदलतो. त्याचं अर्धआयुष्य सुमारे 125 कोटी वर्षांचं. खडक वितळलेला असताना आर्गॉन निसटून जातो. तो घट्ट झाला की वायू आत कोंडला जातो आणि काळ मोजणं शून्यापासून सुरू होतं. ट्रॅकाइटमध्ये पोटॅशियम भरपूर असल्यामुळे तो या कामाला उत्तम. नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, मग टप्प्याटप्प्याने तापवून निघणारा आर्गॉन मोजतात.

2001 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. मनोरीचा ट्रॅकाइट 6 कोटी 4 लाख वर्षांचा, साकीनाक्याचा 6 कोटी 18 लाख वर्षांचा. दोन्हींत चुकीला वाव अवघा 6 लाख वर्षांचा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं वयही 6 कोटी 5 लाखांच्या आसपास आलं. सह्याद्रीतला मुख्य उद्रेक तर डायनासोर नामशेष झाले त्या सुमाराचा, म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. मधली चाळीस-पन्नास लाख वर्षं गेली कुठे?

अशा वेळी पहिली शंका नमुन्यावर घ्यावी लागते. खडकातला आर्गॉन नंतर गळाला असेल, तर वय खोटं कमी दिसतं. पण मग तापवण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी वयं निघतात. इथे सलग टप्पे एकच वय सांगत होते. खडक खरंच तरुण होता.

2017 मध्ये पांडे, यतीश आणि शेठ यांनी मुंबईच्या बेसाल्टजातीय खडकांचीही वयं मोजली. सुमारे 6 कोटी 25 लाख वर्षांपूर्वी इथे जोरदार ज्वालामुखी हालचाल झाली होती, असं त्यातून निघालं. त्याच काळात भारताच्या पश्चिम कडेपासून आज अरबी समुद्राखाली असलेली लक्ष्मी पर्वतरांग आणि सेशेल्स दूर होत होते. भूखंड ताणला गेला, चिरला, त्या चिरांतून नवा लाव्हा वर आला आणि पनवेलपासून पश्चिमेकडचे थर समुद्राकडे वाकले. आज सेशेल्स मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथल्या बेटांवरचा सुमारे 75 कोटी वर्षांचा ग्रॅनाइट साक्ष देतो की सेशेल्स हा समुद्रात उगवलेला ज्वालामुखी नसून खंडाचाच तुटलेला तुकडा आहे.

म्हणजे किनाऱ्याचं वेगळेपण समजलं. सह्याद्रीने महाउद्रेक पाहिला. मुंबईच्या किनाऱ्याने, त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी, भारताची फाळणी होऊन अरबी समुद्र रुंदावताना पाहिला. उत्तनच्या कोळीवाड्यांतल्या वलांड्यांवर बोंबील वाळतात, त्यांच्यासमोरचा समुद्र या घटनेतूनच आजच्या रूपाला आला.

ही साक्ष दगडातच आहे. टेकडी फोडली की ती कायमची जाते. वरळीचे बेडकांचे थर शहराखाली गेले. गिल्बर्ट हिलला 1952 मध्ये संरक्षण मिळालं, पण तोवर तिच्या भोवतीचा बराचसा डोंगर खाणीत गेला होता. डोंगरी, उत्तन, गोराई, मनोरीच्या निवडक खडकांना वेळेत संरक्षण मिळायला हवं. मीरा-भाईंदरच्या प्रत्येक शाळेने मुलांना ओहोटीच्या वेळी तिथे न्यावं आणि भूगोलाचा एक तास तरी त्या खडकांवर उभं राहून घ्यावा.