सेमुल्ल, तिमूल, चेमुल : एका प्राचीन बंदराचा स्थलनिर्णय

प्राचीन बंदराचे स्थान ठरविताना उत्खननाची साक्ष प्रमुख असते. परंतु बंदराचे नाव परकीयांच्या कानांवरून गेलेले असल्यास ध्वनिविचारही निर्णायक ठरतो. कोकणातील 'सेमुल्ल' हे याचे उत्तम उदाहरण होय.

इ. स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणनंतरच्या बाजारपेठांत सेमुल्लाचे नाव प्रथम येते. दुसऱ्या शतकातील टॉलेमी त्यास 'सिमुल्ल' म्हणतो. मात्र तेथील रहिवासी 'तिमूल' म्हणतात, अशी नोंदही करतो. ग्रीकात 'च' नाही. म्हणून या ध्वनीतील स्पर्श 'त'ने, तर घर्षण 'स'ने दाखविले गेले. चंद्रगुप्ताचा 'सँड्रोकोट्टस' झाला तो असाच. दोहोंच्या मुळाशी 'चेमुल' असले पाहिजे. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत नेमके हेच नाव आढळते. पुढे अरबांनीही 'च'च्या अभावी 'सैमूर' लिहिले.

हे चेमुल कोणते? एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांनी चेंबूर सुचविले होते. परंतु मराठीत स्वरमध्यस्थ 'म'चा 'व' होतो : ग्राम–गाव, नाम–नाव. तदनुसार चेमुल–चेवुल–चेऊल–चौल ही परंपरा सरळ लागते. चेंबूरमधील 'ब'कारास असा आधार नाही. कुंडलिकेच्या मुखाजवळील चौल पेरिप्लसच्या क्रमातही बसते. तथापि ध्वनिनियम केवळ नावाची ओळख पटवितो. नावे स्थलांतर करू शकतात. डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत चौल येथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले, तेव्हा अनुमानास भूमीचा आधार लाभला.

हीच कसोटी मराठवाड्यातील 'तगरा'स लागू पडते. दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी अनेक स्थळे पूर्वी सुचविली गेली होती. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादिले. नगर–नेर (संगमनेर) या रूपांशी तगर–तेर ताडून पाहावे.

तगराचे जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून, अतिशय बिकट वाटांनी, दूरच्या भडोचला जाई, असे पेरिप्लस सांगतो. कोकणची बंदरे जवळ असता असे का? कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही तोच ग्रंथ नमूद करतो. क्षत्रप-सातवाहन संघर्षाचा हा परिणाम दिसतो. पुढे १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात शिलाहार अनंतदेव याने चेमुल्यासह चार बंदरांत काही व्यापाऱ्यांच्या जहाजांना जकात माफ केली. बंदराचे महत्त्व केवळ खाडीच्या खोलीवर नव्हे, तर सत्तेच्या धोरणावरही अवलंबून असते, हेच यावरून सिद्ध होते.