वेग आणि विलंब : आंतरजालीय संदेशवहनातील एक संज्ञाविवेक

‘नेट मंद आहे’ हे एकच वाक्य व्यवहारात दोन भिन्न दोषांसाठी योजले जाते. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते, हा एक प्रश्न. पाठविलेला संदेश पोहोचून त्याचे उत्तर येण्यास किती काळ लागतो, हा दुसरा. पहिल्यास ‘वहनक्षमता’ व दुसऱ्यास ‘विलंब’ म्हणणे युक्त होय. नेटचा वेग वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्या आज्ञावलींचे मूल्यमापन ह्या भेदावाचून होऊ शकत नाही.

विलंबाचे मुख्य घटक दोन : प्रवास व प्रतीक्षा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. हिंगोलीहून मुंबईपर्यंतचा तंतुमार्ग ६०० किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्यास ६ मिलिसेकंद पुरतात. ही मर्यादा कोणत्याही आज्ञावलीस ओलांडता येत नाही. मार्ग आडवळणाचा असल्यास जवळचा निवडणे, एवढेच तिच्या हाती असते. सेनगाव वा औंढा नागनाथ येथील घरी ह्याच अंतरास शेकडो मिलिसेकंद लागत असतील, तर तो काळ वाटेत नव्हे, बहुधा रांगेत गेलेला असतो.

ही रांग राउटरच्या स्मृतीत लागते. १९८६ साली अमेरिकेत आंतरजालावर अशी कोंडी झाली, की काही मार्गांवरील वहन जवळजवळ थांबले. त्यानंतर १९८८ साली व्हॅन जेकबसन ह्यांनी मांडलेल्या पद्धतीत संदेशखंड गहाळ होणे ही कोंडीची खूण मानून पाठविणारा आपली गती आवरतो. परंतु पुढे स्मृती स्वस्त होऊन राउटरमधील साठे अवाजवी मोठे झाले. खंड गहाळ होईनात, म्हणून खूण उशिरा मिळू लागली, आणि रांग वाढतच गेली. २०१२ साली कॅथलीन निकोल्स व जेकबसन ह्यांनी ‘कोडेल’ ही रीत सुचविली. ती रांगेची लांबी न मोजता रांगेतील प्रतीक्षा मोजते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत प्रतीक्षा सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिल्यास काही खंड हेतुतः टाकून देते. थोडे गमावल्याने एकंदर विलंब घटतो, हे येथील मर्म होय. मात्र असा उपाय कोंडीच्या जागी, म्हणजे राउटरमध्येच, असावा लागतो. एका संगणकावरील आज्ञावली त्याच संगणकाची रहदारी आवरू शकते, घरातील इतरांची नव्हे.

भाषाभ्यासकास हा विषय परका नाही. टान्या स्टायव्हर्स व सहकाऱ्यांनी २००९ साली १० भाषांतील संभाषणे तपासली. प्रश्न व उत्तर ह्यांमधील अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे सुचविले आहे. प्रत्येक दिशेस ३०० मिलिसेकंदांचा विलंब असेल, तर उत्तरापूर्वीच्या स्वाभाविक विरामात ६०० मिलिसेकंदांची भर पडते. ऐकणारा त्या स्तब्धतेचा अर्थ संकोच वा अज्ञान असा लावतो. दूरस्थ मौखिक परीक्षेत परीक्षकाने हे ध्यानी न घेतल्यास रांगेचा दोष विद्यार्थ्याच्या पदरी पडतो. म्हणून अधिक वहनक्षमता विकत घेण्यापूर्वी विलंब मोजावा, आणि उत्तराला विलंब झाल्यास तो कोणाचा, हेही विचारावे.