२० हजारांचा दंड आणि २६ आठवड्यांची रजा

२० हजार रुपये. केवळ बाई आहे म्हणून एखाद्या उमेदवाराला भरतीत डावलले, तर पहिल्या गुन्ह्यासाठी मालकाला होऊ शकणारा हा जास्तीत जास्त दंड. वेतन संहिता २०१९ साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. हा आकडा तिच्यातला आहे. तिने ज्या १९७६च्या समान वेतन कायद्याची जागा घेतली, त्यात १९८७ साली दुरुस्ती झाली तेव्हाही भरतीतल्या भेदभावासाठी कमाल दंड २० हजारच होता. शिवाय तीन महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद होती. आता पहिल्या गुन्ह्याला कैद नाही, आणि खटला भरण्याआधी निरीक्षकाने मालकाला चूक सुधारण्यासाठी लेखी मुदत द्यायची आहे. म्हणजे १९८७ ते २०१९ या ३२ वर्षांत रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, दंड मात्र जागचा हलला नाही. बंगळुरूत नुकत्याच लागलेल्या इंजिनिअरचा महिन्याचा पगारही याहून अधिक असतो.

याच शहरात १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होत्या. सूचनाफलकावर टाटांच्या पुण्यातल्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती. शेवटच्या ओळीत लिहिले होते की महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडले. मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. ही गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. पण तिच्यातली तारीख आपण वाचत नाही. त्या वर्षी ती ओळ बेकायदा नव्हती. संविधानाची कलमे १५ आणि १६ मुख्यतः सरकारला बांधतात. सरकारी नोकरीत समान संधी हा मूलभूत हक्क, पण खासगी कारखान्याच्या दारात तो थांबतो. खासगी मालकाला भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करणारा अध्यादेश निघाला सप्टेंबर १९७५मध्ये. सुधाताईंच्या हातात एकही कलम नव्हते.

आता तशी ओळ सहसा कोणी छापत नाही. ती मुलाखतीच्या खोलीत गेली आहे. ‘लग्नाचे काय ठरलेय?’ ‘घरचे रात्रपाळीला हो म्हणतील ना?’ या प्रश्नांचा कागद उरत नाही, आणि कागदाशिवाय २० हजारांचा दंडही बसत नाही.

असे का विचारतात, याचे उत्तर दुसऱ्या आकड्यात आहे. २०१७ साली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. बाळंतपणाआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केले असले की पहिल्या दोन मुलांसाठी ती भरपगारी मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर सक्तीचे. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा. कायदा चांगला आहे, पण त्याचे पैसे कोण भरतो ते पाहा.

मैसूर रोडच्या गारमेंट कारखान्यात शिवणकाम करणारी बाई महिना २१ हजारांच्या आत कमावते, म्हणून ती ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येते. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्का. ही वर्गणी पुरुषासाठीही तेवढीच. तिच्या २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देते. व्हाइटफील्डमधल्या कार्यालयात महिना लाख रुपये घेणारी मुलगी मात्र या मर्यादेबाहेर. तिच्या रजेचे सुमारे सहा लाख एकट्या कंपनीच्या खिशातून जातात. एकाच शहरात, एकाच हक्कासाठी एकीच्या मालकाला जादा खर्च शून्य, तर दुसरीच्या मालकाला सहा लाख. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीतच हिशेब सुरू होतो.

कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५मध्ये खासगी क्षेत्रासह सगळीकडे मासिक पाळीसाठी वर्षाला १२ भरपगारी रजा मान्य केल्या, त्याही मालकाच्याच खर्चाने. अशी सक्ती झाली तर बायकांना कामावरच घेणार नाहीत, अशी भीती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये व्यक्त केली होती. म्हणून रजा देऊच नये, हे मला मुळीच मान्य नाही. खर्च वाटून घ्यायला हवा. पुरुष-स्त्री सगळ्यांच्या पगारावर समान वर्गणी घेऊन तो सामाजिक विम्यातून भागवावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०००चा १८३ क्रमांकाचा करारही सामाजिक विम्याची वाट सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही.

ही झाली स्त्रियांची गोष्ट. जात, धर्म, भाषा पाहून खासगी कंपनीने नोकरी नाकारली तर? रोजगारातल्या भेदभावाविरुद्धचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० सालीच मान्य केला, पण खासगी भरतीला सरसकट लागू होणारा कायदा अजून नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे, मात्र नोकरीत भेदभाव करू नये असे सांगणारे त्यातले कलम २० सरकारी आस्थापनांपुरते आहे. खासगीने समान संधीचे धोरण जाहीर करायचे. एचआयव्हीबाधितांसाठीचा २०१७चा आणि तृतीयपंथीयांसाठीचा २०१९चा कायदा खासगी आस्थापनांपर्यंत पोचतात.

भाषेचा चटका बंगळुरूतल्या मराठी माणसाला जुलै २०२४मध्ये बसला. व्यवस्थापनात ५० आणि इतर पदांवर ७० टक्के स्थानिक, असे विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळाने मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर दोनच दिवसांत बाजूला ठेवले. आपण त्यावर रागावलो, पण ८० टक्के स्थानिकांचे धोरण महाराष्ट्राचेही आहे. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये रद्द केला.

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकीला माझी कळकळीची विनंती आहे. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. मुलाखतीत लग्नाचे किंवा मुलाबाळांचे विचारले, तर कोणी, कधी, कोणत्या शब्दांत विचारले ते त्याच संध्याकाळी लिहा आणि ईमेलने कंपनीकडे स्पष्टीकरण मागा. आणि नोकरी लागल्यावर कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला, तर अंतर्गत समितीकडे जा; १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ती असलीच पाहिजे. तिच्याकडे तक्रार करायची मुदत घटनेपासून तीन महिने आहे.