चार चाकांचे बळ

जेथे चिखलात मोटार रुतते, तेथून एटीव्ही हे छोटे, उघडे वाहन सहज पार होते. १९८६ साली होंडा कंपनीने अमेरिकेत चारही चाकांना इंजिनाचे बळ देणारी एटीव्ही विक्रीस आणली. हे बळ चिखलातून बाहेर काढते. उलटण्यापासून मात्र वाचवीत नाही.

म्हणून नव्या मालकाने निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा मोजावी. ती दोन्ही बाजूंस सारखी नसेल, तर वाहन एका अंगास ओढते. तेल व ब्रेक तपासावेत. धुळीतून आल्यावर हवेची गाळणी स्वच्छ करावी. ती तुंबली, की इंजिनाचा श्वास कोंडतो. चढणीवर अंग पुढे झुकवावे, उतारावर मागे न्यावे. पाण्यातून बाहेर येताच ब्रेक हलकेच दाबून सुकवावेत. डोक्यावर शिरस्त्राण असावेच. सोळा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांचे हे वाहन मुळीच चालवू नये. चाके चार असली, तरी तोल चालकानेच सांभाळावयाचा असतो.