दोन जीबी रॅमवरचा धडा

शिरपूर शहरात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, एनएमआयएमएसचं आवार आहे. त्याच तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, पहिलीत येणारं मूल घरून पावरी बोलत येतं आणि हातात मराठी पुस्तक घेतं. बोराडीच्या बाजूच्या एका गुरुजींनी यावर एक उपाय काढला. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडायची, पानावर माउसचा बाण फिरवत पावरीतून समजावायचं, हे सगळं रेकॉर्ड करायचं आणि पाच मिनिटांचा धडा पालकांच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. ही २०२० च्या लॉकडाऊनमधली सवय शाळा उघडल्यावरही टिकली, कारण दिवाळीनंतर कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात आणि मोबाइल सोबत असतो.

अडचण होती कॉम्प्युटरची. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, बत्तीस बिटांचं विंडोज ७ आणि पंधरा इंची मॉनिटर. असले असेंबल केलेले संच एके काळी गावोगावच्या क्लासेसमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानांत रांगेने मांडलेले असत. टायपिंग, प्रिंट, पगारपत्रक ही कामं ते अजूनही निमूट करतात. पडदा रेकॉर्ड करायला सांगितलं की मात्र माउसचा बाण अडखळतो आणि आवाज चित्राच्या पुढे धावतो.

‘ओबीएस टाका सर,’ हा सल्ला दुकानापासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी दिला. सल्ला वाईट नाही. ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, त्याला वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओवर कुणाचा शिक्का उमटत नाही. २०१२ साली ह्यू बेली या प्रोग्रॅमरने ते सुरू केलं आणि आज जगभरचे गेम खेळणारे त्याच्यावरच थेट प्रक्षेपण करतात. पण ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीने विंडोज ७, विंडोज ८ आणि बत्तीस बिटांचे संच वगळले. म्हणून गुरुजींनी शोधून २७.२.४ ही जुनी आवृत्ती आणली. ती इन्स्टॉल झाली, उघडताना मात्र ग्राफिक्स चालणार नाही असं सांगून बंद पडली.

दोष रॅमचा नव्हता. ओबीएस पडद्याचं चित्र जुळवायचं काम ग्राफिक्स चिपकडून करून घेतं आणि त्यासाठी डायरेक्टएक्स १०.१ समजणारी चिप लागते. जी३१ बोर्डावरची अंगची चिप डायरेक्टएक्स ९ च्या पुढे जात नाही. गंमत अशी की ‘डीएक्सडायग’ ही कमांड दिली तर पहिल्याच पानावर ‘डायरेक्टएक्स ११’ असं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. तो आकडा विंडोजचा असतो, चिपचा नव्हे. चिपची खरी पत डिस्प्लेच्या पानावर ‘डीडीआय व्हर्जन’समोर लिहिलेली असते. सॉफ्टवेअर शोधत बसण्याआधी ही एक ओळ वाचली तर अख्खी दुपार वाचते.

विंडोज १० वाल्यांना वाटतं आपण सुटलो, कारण तिथे विंडोजची कळ आणि जी दाबली की गेम बार हजर होतो. पण त्याला व्हिडिओ आवळणारी सोय चिपमध्येच लागते. इंटेलने ती क्विक सिंक या नावाने जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीपासून दिली, आणि त्या पिढीच्या स्वस्त सेलेरॉन-पेंटियममध्ये तर तीही नव्हती. शिवाय विंडोज १० चा गेम बार एकेक प्रोग्रॅम टिपतो. मोकळा डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर टिपत नाही.

मग जुन्या प्रोसेसरवर नेमका भार कशाचा पडतो? हिशेब सोपा आहे. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. म्हणजे एका चित्राला तीन एमबी. सेकंदाला तीस चित्रं घेतली तर नव्वद एमबी. हा सगळा माल उचलायचा, आवळायचा आणि हार्ड डिस्कवर लिहायचा, तोही दर सेकंदाला. पण पुस्तकाच्या पानावर हलतं काय? एक बाण. त्याला सेकंदाला दहा चित्रं पुष्कळ झाली, आणि तेवढ्याने भार तीस एमबीवर येतो. विंडोज ७ मध्ये एरो नावाची काचेसारखी सजावट बंद करून साधी थीम लावली की पडदा उचलण्याचा वेग आणखी सुधारतो. यासाठी एक रुपयाही लागत नाही. नवं सॉफ्टवेअर उतरवण्याच्या घाईत ही दोन बटणं कुणी दाबत नाही, एवढंच.

सॉफ्टवेअरच्या बाजारात फुकट म्हणवणारे पुष्कळ आहेत. बँडीकॅम हलकं आहे, पण बिनपैशाच्या आवृत्तीत दहा मिनिटांची मर्यादा आणि वर स्वतःचं नाव. दहा मिनिटं गुरुजींना चालली असती. पहिलीच्या पोरांच्या अक्षरांवर परकी पाटी त्यांना चालली नाही. कॅमस्टुडिओ तर अशा संचांच्याच काळातलं, त्यामुळे ते जुन्या विंडोजवर बरं पळतं. पण त्याची एव्हीआय फाइल दोन जीबीला अडते, आणि त्याच्या नावाने नेटवर फिरणाऱ्या इन्स्टॉलरबरोबर जाहिरातबाज प्रोग्रॅम आत शिरण्याचा धोका असतो. व्हीएलसी बहुतेकांकडे असतंच. त्यालाही पडदा टिपता येतो, मात्र माइकचा आवाज आपोआप येत नाही, तो वेगळा जोडावा लागतो.

आणि कधीकधी व्हिडिओची गरजच नसते. विंडोज ७ मध्ये स्टार्टच्या रकान्यात ‘पीएसआर’ ही तीन अक्षरं टाइप केली की एक छोटी पट्टी येते. तुम्ही क्लिक कराल तसतशी ती एकेक चित्र घेते आणि शेवटी सगळी पायऱ्यापायऱ्यांनी एका फाइलमध्ये बांधून देते. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज कसा भरायचा हे सहकाऱ्याला दाखवायचं असेल तर दहा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा हे कितीतरी कामाचं. इतकी उपयोगी वस्तू इतकी अज्ञात राहावी याचं नवल वाटतं.

गुरुजींचं काम शेवटी निभावलं ते लिनक्सवर. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती दोन जीबी रॅमवर उभी राहते. कोअर टू ड्युओ मुळात चौसष्ट बिटांचा, बत्तीस बिटांचं होतं ते वर टाकलेलं विंडोज. त्यामुळे तीही आडकाठी आली नाही. मिंट पेन ड्राइव्हवरून चालू करून पाहता येतं, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. त्यावर मार्टेन बार्ट या प्रोग्रॅमरचं सिंपलस्क्रीनरेकॉर्डर टाकलं. ते ग्राफिक्स चिपकडे काही मागत नाही. पडद्याचा हवा तेवढाच चौकोन निवडता येतो, सेकंदाला दहा चित्रं ठरवता येतात, माइक तिथेच जोडता येतो. एच.२६४ पद्धतीने आवळताना ‘सुपरफास्ट’ हा पर्याय घेतला की प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा राहते. व्हॉट्सॲपची व्हिडिओची जुनी सोळा एमबीची मर्यादा धरली तर पाच मिनिटांच्या धड्याला सेकंदाला सव्वाचारशे किलोबिटच्या आसपास मिळतात. स्थिर पानाला आणि एका माणसाच्या आवाजाला ते पुरतात.

फाइल कुठल्या प्रकारात ठेवायची, हा प्रश्न पुण्या-मुंबईत किरकोळ वाटेल. इथे तो पहिला. चौथ्या मिनिटाला ‘लाईट गयी!’ असं पोरं बाहेरून ओरडतात आणि यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली असते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली की आधीचं सगळं असूनही उघडत नाही. एमकेव्ही फाइल तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग बहुधा शाबूत ठेवते. ओबीएसने जुलै २०२४ मध्ये ३०.२ आवृत्तीत एमपी४ लाही असा तगण्याचा गुण दिला, पण ते सुख नव्या संचांचं. जुन्यावर आधी एमकेव्हीत टिपावं, मग सावकाश एमपी४ करावं.

उरला उन्हाळा. मे महिन्यात खानदेशात पारा ४४ च्या पुढे जातो आणि धुळीने भरलेला पंखा घरघरत राहतो. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि ती घरघर माइकमध्येही उतरते. गुरुजी मार्चअखेर डबा उघडून धूळ काढतात, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलतात आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत रेकॉर्डिंग उरकतात. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

विंडोज ७ चं संरक्षण १४ जानेवारी २०२० ला संपलं, विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळांमधले आणि घराघरांतले आणखी कितीतरी धडधाकट संच आता याच रांगेत येणार आहेत. असा संच भंगारात काढण्याआधी तो मिंटच्या पेन ड्राइव्हवरून एकदा चालवून पाहा, आणि रेकॉर्डिंगला बसाल तेव्हा चित्रं सेकंदाला दहाच ठेवा.