शेतकऱ्यानें विजेचा मीटर कोणता घ्यावा

ट्रॅक्टरांत बारा व्होल्टांची बॅटरी, विहिरीवर तीन फेजांची मोटार, कोठें सौर पंप, आणि आतां कित्येक गांवीं फवारणीचें ड्रोन. इतक्या प्रकारची वीज आज शेतकऱ्याच्या वस्तीस येऊन राहिली आहे. ड्रोन म्हणजे मानवरहित विमानच होय, आणि तें आतां केवळ शहरांतील हौशी लोकांचें राहिलें नाहीं. सन २०२३ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें १५,००० महिला बचत गटांस ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ह्या सर्वांची नाडी पाहण्यास मल्टिमीटर हें एकच यंत्र पुष्कळसें पुरतें. परंतु बाजारांत तो खेळण्याच्या भावापासून शेळीच्या भावापर्यंत मिळतो, आणि घेणारा बहुधा बटणें किती हें पाहून घेतो. आमच्या मतें पहिला प्रश्न मीटर काय सोसतो हा, आणि दुसरा तो किती बारीक वाचतो हा. हा क्रम उलटा करूं नये.

मीटराचीं मुख्य कामें तीनच. ब्रिटिश पोस्टखात्यांतील डोनल्ड मॅकडी नांवाच्या एंजिनियरास दुरुस्तीच्या कामीं निरनिराळीं यंत्रें बाळगण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यानें तिन्ही मापें एका पेटींत आणिलीं; सन १९२३ त ती पेटी ‘ॲव्होमीटर’ नांवानें विक्रीस आली. अँपिअर, व्होल्ट व ओहम ह्यांच्या आद्याक्षरांवरून तें नांव पडलें. पाण्याच्या भाषेंत सांगावयाचें तर व्होल्ट म्हणजे टाकीच्या उंचीमुळें येणारा दाब, अँपिअर म्हणजे पाटांतून वाहणारें पाणी, आणि ओहम म्हणजे नळींतील अडथळा.

आतां सोसण्याविषयीं. विहिरीवरील स्टार्टरांत दोन फेजांमध्यें सुमारें ४१५ व्होल्टांचा दाब असतो, पण धोका तेवढ्यावर संपत नाहीं. दूर कोठें वीज कोसळली किंवा मोठा भार एकाएकीं तुटला, कीं तारेंतून क्षणमात्र हजारों व्होल्टांचा लोट येतो. त्या क्षणीं ज्याच्या हातांत मीटर असेल त्याचें रक्षण मीटराच्या आंतील रचनेनेंच व्हावयाचें असतें. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत मीटरांच्या प्रती ठरविल्या आहेत. भोंकांच्या जवळ इंग्रजी अक्षरांत ‘कॅट’ असें लिहून पुढें रोमी आंकडा व व्होल्ट छापलेले असतात. दुसरी प्रत भिंतींतील प्लगावर चालणाऱ्या उपकरणांसाठीं. तिसरी कायम बसविलेल्या जोडण्या, स्टार्टर व मोटार ह्यांसाठीं. चौथी खांबावरून येणारी तार व वीजकंपनीचा मीटर येथपर्यंत जाणाऱ्यांसाठीं. ६०० व्होल्टांच्या दुसऱ्या प्रतीची परीक्षा ४,००० व्होल्टांच्या लोटानें होते, तर तेवढ्याच व्होल्टांच्या तिसऱ्या प्रतीची ६,००० व्होल्टांच्या. ज्याच्या शेतीं पंप आहे त्यानें तिसरी प्रत, ६०० व्होल्ट, ह्याहून खालचा मीटर घेऊंच नये. प्रोबांच्या वायरीही त्याच प्रतीच्या असाव्या. मीटर चांगला आणि वायर भिकार अशी जोडी आम्हीं पुष्कळ पाहिली आहे.

हे शब्द कोणीही छापूं शकतो, ही मोठी अडचण आहे. ‘सी ई’ ही खूण बनविणारा बहुधा आपल्याच जबाबदारीवर लावितो. ‘यू एल’, ‘टी यू व्ही’ किंवा ‘सी एस ए’ ह्या खुणा त्रयस्थानें परीक्षा केल्यावर मिळतात, त्या पाहाव्या. शक्य तर दुकानांतच मागचें झांकण उघडवून फ्यूज पाहावा. कांचेच्या बारीक नळीचा, २५० व्होल्ट असें लिहिलेला फ्यूज असेल तर तो मीटर ट्रॅक्टरापुरता ठीक, विहिरीवर नको. वाळू भरलेला चिनी मातीचा जाड फ्यूज असेल तो खरा. १० अँपिअरांच्या भोंकास फ्यूजच नसलेले मीटरही विकतात, आणि तें भोंकाशेजारीं बारीक अक्षरांत छापलेलेंही असतें.

हें भोंक एवढें वाईट कां? प्रवाह मोजतांना मीटराच्या आंत जवळजवळ सरळ तारच असते. सकाळीं गडी बॅटरीचा प्रवाह मोजून लाल वायर त्याच भोंकांत विसरतो; जेथें वीज रात्रीच्या पाळीनें येते तेथें रात्रीं अंधारांत धनी तोच मीटर घेऊन स्टार्टरांतील दोन फेजांस टेंकवितो. मग तो मीटर राहत नाहीं, दोन फेजांमधली आंखूड तार होतो, आणि तोंडासमोर जाळ उठतो. लाल वायर चुकीच्या भोंकांत असतां ओरडणारे मीटर मिळतात. त्यांस थोडे अधिक पैसे देणें आम्हांस उधळपट्टी वाटत नाहीं.

सौर पंपाच्या पट्ट्या मालिकेनें जोडल्या कीं शेंकडों व्होल्टांचा एकदिश प्रवाह तयार होतो, आणि सूर्य असेपर्यंत पट्ट्यांतील तो दाब बंद करितां येत नाहीं. एकदिश प्रवाहाचा जाळ आपोआप विझण्यास आळशी असतो. तेव्हां मीटर एकदिश १,००० व्होल्टांचा असावा, आणि पंप चालू असतांना कोणतीही जोडणी उपटूं नये.

आतां बारीक वाचण्याकडे वळूं. ट्रॅक्टराची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ राहिली म्हणजे सुमारें १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली; ११.९ म्हणजे रिकामीच समजावी. सारा खेळ पाऊण व्होल्टाचा आहे. जुन्या काट्याच्या मीटरास पट्टीच्या शेंकडा ३ इतकी चूक क्षम्य धरीत. ५० व्होल्टांच्या पट्टीवर ती दीड व्होल्ट होते, म्हणजे भरलेली आणि रिकामी बॅटरी त्यास सारखीच. आंकड्यांचा साधा मीटर, शेंकडा अर्धी व शेवटच्या आंकड्यांत दोनाची चूक करणारा, १२.६० वर फार तर आठ शतांश चुकतो. तेवढें आपणांस पुरें. ह्याहून नाजूक मीटराचे पैसे देऊं नयेत. ते फ्यूजाच्या पदरांत घालावे.

तरीही स्वस्थ बॅटरीचे व्होल्ट तिची शक्ति सांगत नाहींत. म्हाताऱ्या बैलाचें वजन तरण्या बैलाइतकें भरेल, पण चढणावर कळतें. म्हणून बॅटरी आधीं पूर्ण भरून, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्यें ठेवून, सेल्फ मारीत असतां वाचन घ्यावें. दाब सुमारें ९.६ व्होल्टांच्या खालीं कोसळला तर बॅटरी संशयास पात्र. एंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान वाचन आलें तर आल्टरनेटर बॅटरी भरीत आहे.

पण येथें एक परीक्षा अशी आहे कीं ती न केल्यामुळें कित्येक निर्दोष बॅटऱ्या भंगारांत जातात. एक प्रोब बॅटरीच्या धन खांबावर (क्लँपावर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर) आणि दुसरी स्टार्टरावरील जाड वायरीच्या बोल्टावर ठेवावी, आणि दुसऱ्यानें सेल्फ मारावा. मीटरावर जें वाचन येईल तो वायरींत व सांध्यांत गमावलेला दाब होय. तो अर्ध्या व्होल्टाहून अधिक असेल तर बॅटरी बदलून कांहीं होणार नाहीं. सांधा घासून घट्ट करावा. तसेंच ऋण खांब व एंजिनाचें उघडें लोखंड ह्यांमध्यें पाहावें. पांढरी बुरशी चढलेला क्लँप आणि सैल पडलेली अर्थाची पट्टी हेच पुष्कळदां गुन्हेगार निघतात.

ड्रोनाच्या बॅटरीस निराळें लक्ष द्यावें लागतें. पुष्कळ फवारणी ड्रोनांत लिथियमाच्या बारा सेलांची मालिका असते. भरलेला सेल ४.२ व्होल्टांचा, म्हणजे सर्व मिळून ५०.४. दोन हजार आंकड्यांपर्यंत मोजणारा मीटर १९.९९ च्या पुढें एक दशांशच दाखवितो. सहा हजारांचा ५०.४० पर्यंत बारीक वाचतो. ज्यास ड्रोन सांभाळावयाचें त्यानें सहा हजारांचा घ्यावा. प्रत्येक सेल निराळा तपासण्यासाठीं जो बारीक तारांचा प्लग असतो, त्यांत मीटराच्या जाड प्रोबा मात्र खुपसूं नयेत. शेजारच्या दोन पिना एकमेकींस लागल्या तर लिथियम पेटतें. त्या कामासाठीं त्या प्लगांत बसणारा लहानसा सेल-तपासक स्वतंत्र मिळतो. आणि नुसत्या व्होल्टांवर ड्रोन उडवूं नये. थकलेली बॅटरी जमिनीवर पूर्ण दाब दाखवून उड्डाणांत एकदम खालीं येते. किती वेळां भरली ह्याची नोंद वहींत ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरूंच नये, मीटर कांहींही म्हणो.

मोटारीचा प्रवाह मोजण्यास चिमट्याचा मीटर सोयीचा, कारण तार तोडावी लागत नाहीं. चिमटा एकाच फेजेच्या तारेभोंवतीं धरावा; तिन्ही तारांभोंवतीं धरला तर वाचन शून्याजवळ येतें, आणि मोटारींत प्रवाहच नाहीं असें वाटतें. पांच अश्वशक्तीच्या मोटारीस पूर्ण भारावर सुमारें सात-आठ अँपिअर लागतात, आणि तिन्ही फेजांचे आंकडे जवळजवळ सारखे असावे. स्वस्त चिमटे आलटत्या प्रवाहाचेच असतात. ट्रॅक्टरासाठीं हवा असेल तर एकदिश प्रवाह मोजणारा मागून घ्यावा.

एक फेज गेली असतांही चालत्या मोटारींतून उलट आलेला दाब त्या मेलेल्या तारेवर दिसतो. म्हणून फेज पाहणें तें मोटार थांबवून पाहावें. तसेंच तार मेली आहे असें ठरविण्यापूर्वीं मीटर जिवंत तारेवर लावावा, मग संशयितावर, मग पुन्हां जिवंतावर.

महसूल खात्यांत मोजणीची ३३ फुटांची साखळी वापरून ताणली जात असे, म्हणून ती मापाशीं ताडून मगच शेतांत नेत. मीटराचेंही वर्षांतून एकदां तसेंच करावें: एकाच बॅटरीवर शेजाऱ्याचा व आपला लावून पाहावा, ओहमांवर दोन्ही प्रोबा एकमेकींस टेंकवून वाचन शून्याजवळ येतें कीं नाहीं तें पाहावें. मीटराच्या पोटांतील सेल उतरला असतां कांहीं मीटर वाचन खरें त्याहून अधिक दाखवितात, तेव्हां पडद्यावर सेलाचें चित्र उमटतांच तो बदलावा. आणि पावसाळाभर मीटर वापरावयाचा नसेल तर सेल काढून ठेवावा, नाहीं तर तो फुटून आंतील पत्रे खातो.