अर्ध्या माणसाची खोली

लंडन : मुंबई-पुण्यात घर बघायला निघालेला माणूस आधी कार्पेट एरिया विचारतो. लंडनमध्ये एजंटच्या काचेवर लागलेल्या जाहिरातीत ठळक छापलेला असतो तो बेडरूमचा आकडा. ‘थ्री बेड सेमी’, म्हणजे तीन बेडरूमचं जोडघर, एवढ्यावर भाडं ठरतं, किंमत ठरते. जाहिरातीत नकाशा असला तरी बहुतेकांची नजर आधी त्या आकड्यावरच जाते. या तिघींतली धाकटी खोली म्हणजे ‘बॉक्स रूम’. नवीन आलेल्या भारतीय कुटुंबाची खरी परीक्षा तिथेच होते.

या खोलीचा जन्म समजला की तिचा अडनिडेपणाही समजतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये सुमारे ४० लाख घरं उभी राहिली. लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने हॅरो, वेम्बलीसारखी उपनगरं वाढली ती याच लाटेत. एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेली ही जोडघरं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन बऱ्या बेडरूम आणि पुढच्या दाराच्या डोक्यावर उरलेल्या जागेत तिसरी. खालून जिना चढताना डोकं आपटू नये म्हणून या खोलीच्या एका कोपऱ्यात जमिनीतूनच एक चौथरा वर येतो. सुतार त्याला ‘बल्कहेड’ म्हणतात. तो फोडता येत नाही, कारण त्याच्या पोटातून जिना जातो.

हॅरोतल्या अशाच एका घरातली खोली पाहू. लांबी सात फूट, रुंदी साडेसहा. म्हणजे २१३ सेंटिमीटर बाय १९८. कोपऱ्यातला चौथरा ७५ सेंटिमीटर रुंद आणि जवळपास कंबरेएवढा उंच. खिडकीखाली रेडिएटर, आणि दार उघडतं ते आत. ब्रिटनमधली सिंगल गादी ९० बाय १९० सेंटिमीटरची असते. ती लांब भिंतीला लावली तर रुंदीत १०८ सेंटिमीटर उरतात. त्यातल्या पाऊण मीटरवर दाराचं पान फिरतं. कपाट ठेवायचं कुठे?

इथले चांगले सुतार कपाटाच्या आधी दाराला हात घालतात. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला बसवून दार भिंतीला टेकेल असं केलं की मोठा कोपरा सुटतो. मग पलंगाची फळी चौथऱ्याच्याच उंचीला धरून थेट त्याच्यावरून नेतात. अडचण होती तो चौथरा पलंगाचा एक आधार होतो आणि उरलेल्या भागाखाली खोल ड्रॉवर बसतात. लांबीत उरलेल्या २३ सेंटिमीटरमध्ये उशाशी पुस्तकांचा उभा कप्पा. हँगर आडवे लटकवायचे तर कपाटाला साठेक सेंटिमीटर खोली लागते, म्हणून इथे ३५ सेंटिमीटरचं उथळ कपाट घेतात आणि कपडे दाराकडे तोंड करून अडकवतात. सगळं काम तासाभराच्या मोजणीवर अवलंबून असतं, आणि मोजायचा असतो जिन्याचा वळणाचा भागही. तयार कपाट त्या वळणावर अडकतं. आयकियाने १९८७ मध्ये वॉरिंग्टनला पहिलं ब्रिटिश दुकान उघडलं. सुटे भाग आणून खोलीतच जोडायची त्यांची पद्धत अशा अरुंद जिन्यांना सोयीची आहे.

ही मांडणी शाळकरी मुलासाठी उत्तम. सहा वर्षांखालच्या मुलाला उंच पलंगावर झोपवू नये, असा इथला सर्वमान्य सल्ला आहे. पण मराठी घरांत या खोलीचा मुक्कामी पाहुणा बहुधा वेगळा असतो. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि त्या काळात आई किंवा सासूबाई इथेच झोपतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला कंबरेएवढ्या पलंगावर चढवणं हा छळ आहे. तिच्यासाठी समोरच्या भिंतीला बुटका पलंग लावावा, चौथऱ्याच्या माथ्यावर बॅग उघडी ठेवता येईल अशी सपाट फळी टाकावी आणि त्या फळीच्या वर भिंतीत कपड्यांचा दांडा. आईंना वाकावं लागत नाही, रात्री उठताना पाय थेट जमिनीला लागतात.

एक गोष्ट भारतातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. बाहेरची भिंत हिवाळ्यात गार पडते. कपाट तिला चिकटवलं की मागे श्वासातली वाफ साचते, बुरशी धरते आणि रेशमी साड्यांना कुबट वास लागतो. कपाट आतल्या भिंतीला लावावं; तसं जमतच नसेल तर मागे चार बोटं जागा सोडावी. रेडिएटरसमोर तर काहीच नको.

ब्रिटनने एके काळी खोल्यांच्या आकाराचा प्रश्न फार शहाणपणाने हाताळला होता. १९६१ मध्ये सर पार्कर मॉरिस यांच्या समितीने अहवाल दिला : आधी कुटुंब घरात काय काय करतं ते बघा, त्यासाठी लागणारं सामान नकाशावर मांडा आणि मग भिंती काढा. १९६९ पासून सरकारी घरांना ते निकष बंधनकारक झाले आणि १९८० मध्ये रद्द झाले. रद्द व्हायला नको होते. २०१५ च्या राष्ट्रीय मानकाने नव्या सिंगल बेडरूमसाठी किमान साडेसात चौरस मीटर आणि २.१५ मीटर रुंदी सांगितली, पण ते लागू करायचं की नाही हे स्थानिक परिषदेवर सोडलं.

जुन्या घरांसाठी उरतो तो गर्दीचा कायदा. १९३० च्या दशकातले त्याचे आकडे १९८५ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये तसेच आले. ७० ते ९० चौरस फुटांची खोली एका माणसाची, ५० ते ७० ची अर्ध्या माणसाची. एक ते दहा वर्षांचं मूल कायद्याने अर्धं माणूस धरलं जातं, म्हणून हा हिशेब. पन्नासच्या खालची खोली गणतीतच नाही. हॅरोतली ती खोली भरते साडेपंचेचाळीस चौरस फूट. जाहिरातीतली तिसरी बेडरूम कायद्याच्या हिशेबात शून्य आहे आणि तरी तिचं भाडं बेडरूम म्हणूनच घेतलं जातं. हे चूक आहे.

लंडनला बदली होऊन येणाऱ्यांनी म्हणून बेडरूमच्या आकड्यावर करार करू नये. धाकट्या खोलीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मागावी, चौथऱ्याचा आणि दाराचा फोटो मागावा, ९० बाय १९० चा कागद कापून नकाशावर ठेवून पाहावा आणि मगच सही करावी.